आशाबाई राजा झाल्या त्याची गोष्ट

आशाबाई निकुरे आमच्या वनोपज संस्थेत लागल्या तेव्हा त्यांची धाकटी मुलगी अंगावर पीत होती. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या देवळाखाली, घाटावर त्यांना एका म्हाताऱ्याशी भांडताना मी ऐकलं तेव्हा त्याच मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मधल्या एवढ्या वर्षांत त्यांचा खरा आवाज ऑफिसातल्या कोणीही ऐकला नव्हता.

संस्था गोंडपिपरीला होती. जंगलाकाठच्या गावांतून मोह, चारोळी, डिंक, मध घ्यायचा, निवडून साफ करायचा आणि पुढे पाठवायचा, असं काम. मी, दामिनी, तिथे टायपिस्ट होते. आशाबाई झाडझूड करत, माठ भरत, चहा करत. त्या बोलायच्या, पण इतक्या हळू की समोरच्याला मान पुढे करावी लागे. मात्र मान पुढे करण्यासारखं त्यात नेहमी काहीतरी असायचं. एकदा गोदाम तपासायला आलेले एक अधिकारी जेवणानंतर खुर्चीतच घोरायला लागले. आशाबाई माझ्या टेबलावर कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "गोदाम तपासून झालं. आता सपन तपासून राह्यले." चेहऱ्यावर काहीच नाही. मी टायपिंगच्या मशीनमागे तोंड लपवलं.

त्यांचे यजमान भैयाजी मासेमारी करत. गावच्या तलावात आणि नदीत त्यांची जाळी पडायची. माणूस सडपातळ, मिश्कील, कधी घाईत नसलेला. आशाबाईंची नोकरी लागल्यापासून घरात नेमाने येणारा पगार त्यांचाच, आणि भैयाजींना त्याचं कौतुक होतं. कमीपणा वाटायचा नाही.

दोन हजार दोन सालच्या थंडीत आमच्याकडे अजय सर व्यवस्थापक म्हणून आले. मूळचे नाशिकचे, वयाने तिशीतले. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं होतं की कर्मचाऱ्यांनी वर्षातून एकदा एकत्र बाहेर जावं, म्हणजे कामात एकोपा येतो. त्यांनी मीटिंगमध्ये विषय काढला. गोदाम सांभाळणारे शालिकराम लगेच म्हणाले, "चिखलदऱ्याले जाऊ." कोणी हैदराबाद म्हणालं. सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आपण मार्कंड्याला जाऊ. महाशिवरात्रीची जत्रा संपली की दुसऱ्या दिवशी."

"जत्रा संपल्यावर तिथी काय रायते?" शालिकरामांनी विचारलं.

"कचरा," सर म्हणाले.

मग सरांनी योजना सांगितली. दोन दिवस मुक्काम. दिवसा वैनगंगेचा घाट साफ करायचा आणि संध्याकाळी दंडार बसवायची. जवळच्या गावचे झिंगूभाऊ म्हणून दंडारीतले जुने जाणते आहेत, ते शिकवायला येणार आहेत. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं जुनं लोकनाट्य. ढोलकी, झांज, गाणी आणि सोंगं, आणि बायकांची कामंही पुरुषच करतात. ती बघायला आम्ही सगळेच जायचो, पण त्यात उभं राहायचं कोणाच्या मनात कधी आलं नव्हतं.

आशाबाई दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "सायेब, स्टो आपला घेऊ का तिथी भेटन?"

सर म्हणाले, "आशाबाई, तुम्ही चहा करायला येत नाही आहात. तिथे सगळे पाळीपाळीने करतील."

आशाबाईंनी ट्रे कमरेला टेकवला. "मंग मी कायले येऊ?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"आम्ही येतोय तसंच."

हे उत्तर त्यांना पटलं नसावं. घरी जाऊन त्यांनी भैयाजींना सांगितलं की सायेब नेऊन राह्यले, पन काम सांगून नाई राह्यले. भैयाजी म्हणाले, "जाय ना मंग. बिनकामाचं जानं मले त कोनी कधी सांगितलं नाई." दोन दिवसांचा स्वयंपाक आपण करू म्हणाले. तो त्यांनी खरोखर केला, आणि मुलीने त्याची तक्रार पुढे महिनाभर केली.

आम्ही संस्थेच्या मेटॅडोरमधून निघालो. एरवी तिच्यात मोहफुलांची पोती जायची, त्यामुळे आष्टीचा पूल ओलांडेपर्यंत सगळ्यांच्या कपड्यांना मोहाचा वास लागला होता. आशाबाई माझ्या शेजारी, पिशवी मांडीवर घट्ट धरून. माहेर आणि दवाखाना सोडून त्या कधी बाहेर राहिल्या नव्हत्या. पिशवीत त्यांनी साखर आणि चहापत्ती आणलीच होती, असू द्यावी म्हणून.

मार्कंड्याला पोचलो तेव्हा दुकानवाले शेवटचे बांबू काढत होते. देवळाच्या दगडी भिंतींवरच्या मूर्तींवर सकाळचं ऊन आलेलं होतं. खाली वैनगंगा उतरली होती, मधे वाळूचे पट्टे उघडे पडले होते. आणि काठभर जत्रा पडली होती. प्लास्टिकच्या पन्न्या, नारळाच्या शेंड्या, उदबत्तीची पाकिटं, गुलालाचे पुडे, आंघोळ करून सोडून दिलेली जुनी लुगडी आणि धोतरं. पाण्यातल्या दगडांना कपडे असे गुंडाळले होते की लांबून माणसं बसल्यासारखी वाटावीत.

चहा शालिकरामांनी केला. तो चहा नव्हता, गरम पाण्यात विरघळलेली साखर होती. त्यांनी पहिला पेला आशाबाईंना आणून दिला. त्या उठून उभ्या राहिल्या. बसून कसा घ्यायचा हे त्यांना सुचेना. मी हात धरून बसवलं. त्यांनी तो सगळा प्यायला, आणि मग पेला कुठे ठेवायचा म्हणून इकडेतिकडे बघत राहिल्या. शालिकरामांनी तो परत नेला तेव्हा आशाबाईंचा हात हवेत तसाच राहिला.

पण पाण्यात उतरल्यावर त्यांचं अवघडलेपण गेलं. लुगड्याचा काचा मारून त्या गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि दगडांत अडकलेले कपडे ओढून काढू लागल्या. आम्ही काठावर पन्न्या वेचत होतो. सर पोती भरून वर चढावर नेऊन ठेवत होते. ऊन वर आलं, पाठी दुखायला लागल्या, तरी त्या थांबेनात. एका मोठ्या दगडावर धोतर आणि दुपट्टा पडलेला दिसला, तोही त्यांनी उचलून पोत्यात कोंबला.

थोड्या वेळाने नदीतून आवाज आला. "ओ बाई, ते धोतर माह्यं हाये."

छातीभर पाण्यात एक म्हातारा उभा होता. नुसतं डोकं आणि खांदे दिसत होते. पांढऱ्या मिशा पाण्याने चिकटलेल्या.

आशाबाई वळल्या. आणि आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो, कारण त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो आमच्या ओळखीचा नव्हता. "सकाळपासून कितीक धोतरं उचलले, कोनी नाई म्हटलं माह्यं हाये. नदीत टाकते वेळी नाई समजलं काय?"

तो आवाज पलीकडच्या काठाला जाऊन आला असावा. वाळूवर बसलेले बगळे उडाले.

म्हातारा म्हणाला, "टाकलं नाई. ठेवलं होतं. आंघोळीले उतरलो."

"ठेवलं त वर दगड काऊन नाई ठेवला?"

"ठेवला होता. तुमीच बाजूले केला."

आशाबाईंनी दगडाकडे पाहिलं. बाजूला सारलेला लहान दगड तिथेच होता. त्यांचा हात तोंडावर गेला. तोवर पोतं सरांनी वर नेलं होतं आणि ते बाकीच्या पोत्यांत मिसळून गेलं होतं. आम्ही सगळे धावलो आणि एकेक पोतं उपडं करू लागलो. जत्रेतली धोतरं सगळी सारखीच. एक दाखवलं की म्हातारा पाण्यातून मान हलवायचा. दुसरं दाखवलं, पुन्हा मान. शेवटी लाल काठाचा दुपट्टा सापडला आणि त्याच्यासोबत धोतरही. आशाबाईंनी ते डोक्यावर घेतलं, पाण्यात शिरल्या आणि तोंड दुसरीकडे फिरवून हात लांब करून दिलं.

"चूक झाली बाप्पा," त्या म्हणाल्या. आवाज पुन्हा ऑफिसातला झाला होता.

म्हातारा थंडीने कुडकुडत होता, पण नजर त्यांच्यावर होती. "चूक राहू द्या. आताचा तो आवाज कुठी गेला?"

ते झिंगूभाऊ होते. आम्हाला शिकवायला यायच्या आधी आंघोळ करून देवदर्शन घ्यावं म्हणून नदीत उतरले होते.

दुपारी जेवणानंतर धर्मशाळेच्या अंगणात ते ढोलकी घेऊन बसले. गोष्ट त्यांनी तिथेच रचली. एका राज्यातली नदी रुसून निघून जाते. राजा दरबार भरवतो, प्रधानाला दोष देतो, राणी नदीची समजूत घालायला जाते. एवढीच गोष्ट, बाकी गाणी. मग त्यांनी कामं वाटली. अजय सर प्रधान. शालिकराम मिशीवर हात फिरवत पुढे झाले, कारण संस्थेत राजासारखे दिसणारे तेच होते.

"तुमी राणी," झिंगूभाऊ म्हणाले.

"राणी? ह्या मिशीवर?"

"पदर घ्या वरून."

मग त्यांनी अंगणाच्या कडेला भांडी गोळा करत असलेल्या आशाबाईंकडे बोट दाखवलं. "राजा त्या बाई."

आशाबाईंनी भांडी खाली ठेवली. "मले नाई जमत भाऊ. आन् बाईमानसानं राजा व्हावं काय? लोक हासतीन."

"मानसं राणी होऊन राह्यले, माह्या आज्यापासून. कोनी विचारलं नाई बाईनं काऊन नाई करावं ते. आन् हासले त चांगलंच हाये. हासाले त येतेत."

त्या माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटलं, "करा ना." सर म्हणाले, करायचं नसेल तर नका करू. त्यावर त्या थोडा वेळ पदराचं टोक पिळत बसल्या आणि म्हणाल्या, "फेटा कोन बांधून देईन?"

दिवस कलायला लागला तसे गावातले लोक अंगणात येऊन बसले. बायका, पोरं, देवळातले पुजारी, काही मागे राहिलेले जत्रेकरू. झिंगूभाऊंनी ढोलकी धरली, मी झांज वाजवत कोरसात उभी. गण झाला आणि राजा आला. सरांचा पांढरा सदरा, माझ्या जरीच्या ओढणीचा फेटा, कोळशाने काढलेली मिशी. आशाबाई मधोमध उभ्या राहिल्या आणि हळूच काहीतरी बोलल्या.

"राजे, ऐकू नाई येऊन राह्यलं," मागून कोणी म्हणालं.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांना वाक्यच आठवेना. झिंगूभाऊ ढोलकीवर हलका ठेका धरून राहिले, घाई नाही, खुणा नाहीत. मला वाटलं आता त्या आत निघून जातील. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलंही. मग त्यांची नजर प्रधानावर गेली. अजय सर हात जोडून, कमरेत वाकून, हुकुमाची वाट बघत उभे होते.

"प्रधानजी," आशाबाई म्हणाल्या.

"जी महाराज."

"आमचा घसा कोरडा पडला." आणि मग तोच आवाज, घाटावरचा, "चहा आना."

हे गोष्टीत नव्हतं. सर क्षणभर भांबावले. आम्ही कोरसवाले एकमेकांकडे बघू लागलो. मग सरांनी खाली वाकून मुजरा केला आणि खरोखरच स्वयंपाकघराकडे निघाले. प्रेक्षकांना काय चाललंय हे आमच्याइतकं कळत नव्हतं, पण प्रधान चहा आणायला पळाला एवढ्यावरच ते हसायला लागले.

आता चहा होईपर्यंत राजाला वेळ काढायचा होता. आशाबाईंनी तो कसा काढला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या अंगणभर फिरल्या. प्रजेला विचारलं की नदीले पन्न्या नेसवून राह्यले, तिनं कोनाच्या लग्नाले जावं? पुजाऱ्यांना विचारलं, देवाला वाहिलेलं फूल पुडक्यासकट वाहायचं असं कुठल्या पोथीत आहे? पुजारी हसत हात जोडून बसले. मग त्या राणीसमोर थांबल्या, पदर किंचित वर उचलून वाकून पाहिलं. "राणीसायेब, ओठावर काय उगवलं हे?"

शालिकरामही तोवर रंगात आले होते. नाजूक आवाज काढून म्हणाले, "महाराज, तुमी नदीले रागावून घालवली, तवापासून दाढीमिशी करायले पानीच नाई."

अंगण हसून हसून आडवं झालं. ढोलकीचा ठेका चुकला, कारण झिंगूभाऊ स्वतः हसत होते.

सर स्टीलच्या पेल्यातून चहा घेऊन आले आणि गुडघ्यावर बसून पुढे केला. आशाबाईंनी पेला घेतला. सगळ्यांसमोर, उभ्याने, सावकाश, फुंकर घालत त्या चहा प्यायल्या. आम्हा ऑफिसवाल्यांपैकी कोणी हसत नव्हतं. शालिकरामांचा पदर खाली आला होता आणि त्यांना भान नव्हतं.

"साखर कमी हाये प्रधानजी," राजा म्हणाला. "पन चालन."

पुढची दंडार ठरल्याप्रमाणे झाली. राणीने नदीची समजूत घातली, नदी परत आली, गाणं झालं. लोकांनी राजाला एक नारळ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उरलेला काठ वेचत होतो तेव्हा मी आशाबाईंना विचारलं, हा आवाज इतकी वर्षं कुठे होता. त्या पाण्यातल्या दगडावर बसल्या. लग्नानंतर त्या डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासोळी विकायच्या. एका गल्लीत हाक दिली की पुढच्या गल्लीतली बाई ताट घेऊन दारात यायची. मग संस्थेत लागल्या. पहिल्याच दिवशी तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, हे ऑफिस आहे, बाजार नाही, हळू बोला.

"वाईट नाई बोलले ते," आशाबाई म्हणाल्या. "नव्या नोकरीत मानूस सांगितलं ते करते. मंग हळूच बोलायची सवय झाली. घरी पन हळू. भैयाजी म्हनत, तुह्या तोंडाले काय झालं? मले वाटे, वय झालं."

"आणि काल?"

"काल काय माहीत बाप्पा. सायेब वाकून उभे होते. मले वाटलं, हा मानूस आता नाई म्हननार नाई." त्या हसल्या. "गेले ना खरंच."

पुढच्या सोमवारी ऑफिस सुरू झालं. आशाबाई नेहमीच्या वेळेला आल्या, झाडलं, माठ भरला, चहा ठेवला. सर उठून आपला कप घ्यायला स्वयंपाकघराच्या दारात गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी आशाबाई म्हणाल्या, "सायेब, तुमी तिथंच बसत जा. तुमी मधात येता त माह्यं काम वाढते." सर कानशिलापर्यंत लाल झाले आणि बसू लागले. फरक एवढाच झाला की गोदामातल्या माणसाला बोलवायचं असलं की आता कोणी उठून जात नसे. आशाबाई दारात उभ्या राहून एकच हाक देत आणि शालिकराम पोती सोडून येत.

त्या साली दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रा आणि नाटकांचे, दिवस आले तेव्हा झिंगूभाऊंचा निरोप आला. त्यांच्या दंडारीत राजाचं काम करणाऱ्याचं गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं. आशाबाई येतील का? या वेळी गंमत नव्हती, खरी दंडार होती, गावोगावच्या लोकांसमोर. घरात दीर चिडले. घरची बाई तोंडाला रंग फासून उभी राहणार, लोक काय म्हणतील. भैयाजी जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पार्ट कायचा हाये?"

"राजाचा," आशाबाई म्हणाल्या.

"मंग काय हरकत हाये? दारूड्याचा असता त मी नाई म्हटलं असतं." आणि दिराकडे बघून, "राजाच्या दिराले कोनी काही म्हनत नाई."

दीर उठून गेले, पण पहिल्या मंडईला पुढच्या रांगेत बसलेले दिसले.

आशाबाई पुढे कितीतरी हिवाळे दंडारीत उभ्या राहिल्या. राजा, हवालदार, गावचा पाटील. भैयाजी सोबत जायचे, पुढे बसायचे आणि दुसऱ्या गाण्याला झोपी जायचे. आशाबाईंना त्याचा राग येत नसे. म्हणायच्या, आपल्या आवाजात ज्याला झोप लागते त्याचा आपल्यावर भरवसा असतो.

मार्कंड्याला आम्ही पुढच्या वर्षीही गेलो, घाट साफ केला. त्यानंतर अजय सरांची बदली झाली. नवे व्यवस्थापक आम्हाला हैदराबादला घेऊन गेले, आणि खरं सांगायचं तर तिथेही सगळ्यांना मजा आली. जत्रेनंतरचा घाट आता गावातलीच काही मंडळी साफ करतात असं ऐकलं. दरवर्षी तेवढाच कचरा पडतो, तेही ऐकलं.

माझं लग्न होऊन मी वडशाला आले. एका हिवाळ्यात जवळच्या गावी मंडई होती, दंडारीच्या पाटीवर झिंगूभाऊंचं नाव दिसलं म्हणून दुपारीच गेले. मंडपामागे आशाबाई आरशासमोर बसल्या होत्या. केस पिकले होते. या वेळी फेटा नव्हता, नऊवारी नेसून कपाळावर आडवं कुंकू लावत होत्या.

"हे काय, राजा सोडला?"

"यंदा सासू," त्या म्हणाल्या. "लय कठीन हाये दामिनीबाई. राजाले नुसतं बोलावं लागते. सासूले ऐकून पन घ्यावं लागते."

मग त्यांनी मला जेवली का विचारलं आणि मी नाही म्हणताच हाताला धरून मंडपाच्या पलीकडे नेलं. तिथे दोन दगडांच्या चुलीवर भैयाजी मासोळी तळत होते. त्यांनी पत्रावळ झटकून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बसा. खारट झाली असन त मले सांगजा, हिले नका सांगू."